फोटोवरून बगळा ओळखायचा कसा, माझा अनुभव

आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, घरामागे बोडी (छोटं तळं) आणि तिच्या खाली धानाच्या बांध्या, त्यामुळे बगळे लहानपणापासून बघतोय पण बारावीपर्यंत मला सगळे पांढरे बगळे एकच वाटायचे. मग मामेभावाचा जुना कॅमेरा हाती आला आणि रोवणीच्या (भातलावणीच्या) दिवसात मी रोज सकाळी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जाऊन बसायला लागलो.

एका फोटोत बगळा अख्खी चौकट भरून मोठा आला होता म्हणून मी त्याला बिनधास्त 'मोठा बगळा' लिहून टाकलं. पक्षीगणनेला येणाऱ्या एका काकांना दाखवलं, त्यांनी मोबाईलवर डोकं झूम केलं आणि म्हणाले, "बाबू, साईज सोड, तोंडाची रेघ कुठवर गेली ते पाह्य." चोच जिथे फाटते ती रेघ डोळ्याच्या खाली येऊन थांबली होती. म्हणजे मध्यम बगळा. मोठ्या बगळ्याची रेघ डोळा ओलांडून मागे जाते. तेव्हापासून मी फोटो उघडला की आधी तिथेच बघतो.

रंगावर तर अजिबात जाऊ नका, निदान पावसाळ्यात तरी. हिवाळ्यात या दोघांची चोच पिवळी असते, विणीच्या दिवसात तीच काळी होते, आणि छोट्या बगळ्याची तर बाराही महिने काळीच. छोट्याचे पाय काळे आणि पंजे पिवळे ही पक्की खूण, पण रोवणीच्या चिखलात पंजे दिसणार कुठून? म्हणून तो पाय उचलेपर्यंत किंवा उडेपर्यंत थांबा, आठ-दहा फोटो लागोपाठ काढा, आणि उन्हात एक्स्पोजर थोडं कमी ठेवा नाहीतर पांढऱ्या पक्ष्याचं सगळं बारीक काम धुवून जातं.

दुसरी फसवणारी जोडी म्हणजे शिक्रा हा छोटा शिकारी पक्षी आणि पावशा. पेरणीच्या वेळी "पेरते व्हा" ओरडणारा पावशा आवाजाने कुणीही ओळखेल, पण फोटोला आवाज नसतो ना. पाठीवरून दोघं सारखेच राखाडी. शिक्र्याची चोच आकडीसारखी वाकलेली, पंजे दणकट. पावशाची चोच साधी, डोळ्याभोवती पिवळी कडा, आणि फांदी धरताना दोन बोटं पुढे, दोन मागे.

मेळघाटात गेलात तर पिंगळा दिसला की लगेच पुढे जाऊ नका. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठसठशीत असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे. हा रानपिंगळा 1884 नंतर कुणाला खात्रीने सापडलाच नव्हता, 1997 मध्ये शहाद्याजवळ परत दिसला, तब्बल 113 वर्षांनी! असा पक्षी आपल्या कॅमेऱ्यात येऊन चुकीच्या नावाखाली पडून राहिला तर किती वाईट, म्हणून डोकं आणि शेपटी दोन्ही फोटोत घ्याच.

आणि मूळ फोटो क्रॉप करून सेव्ह करू नका, बाजूची म्हैस, धानाची उंची, पाणी हे सगळं नंतर कामी येतं. नाव लागत नसेल तर नुसतं 'बगळा' लिहा, सोबत तारीख आणि जागा टाका. मी दोन वर्षांनी पहिल्या पावसाळ्याचे फोटो उघडले तेव्हा सात-आठ जणांची नावं त्या रेघेवरून लागली, बाकीचे अजून तसेच ठेवलेत.