जांभ्याखालची शेडी : कोकणात जिओटेकच्या कामात पुढे जाताना

सिव्हिलची पदवी घेऊन जिओटेकमध्ये (जमीन आणि पाया तपासण्याच्या कामात) आलेल्या मुलामुलींना कोकणात पहिलं काम बहुधा बोअरवर, म्हणजे तपासणीसाठी जमिनीत भोक पाडण्याच्या जागी, मिळतं. उघडा सडा (जांभ्याचं पठार), तिपाई, विंच, एक मुकादम आणि चार कामगार. सहा महिन्यांतच डिझाइन ऑफिसात बदली मागण्याची इच्छा होते. घाई करू नका. पुढे ज्याला 'लीड' म्हणतात, त्याला जमिनीखाली काय आहे हे ठामपणे सांगून खाली सही करायची असते. ती सही करण्याचं बळ बोअरवरच येतं. निदान दोन पूर्ण हंगाम, म्हणजे दोनदा ऑक्टोबर ते मे, तिथे काढा.

सुरुवात एसपीटीपासून, म्हणजे बोअरच्या तळात पोकळ नळी (स्पून) ठोकून थर किती घट्ट आहे ते बघण्याच्या टेस्टपासून. आयएस २१३१ प्रमाणे ६३.५ किलोचा हॅमर ७५ सेंमीवरून पडतो, स्पून ४५ सेंमी आत जातो, पहिले १५ सेंमी सोडून उरलेल्या ३० सेंमीचे ठोके म्हणजे एन; तो जितका कमी, तितका थर मऊ. साइटवर मात्र तीन गोष्टी बिघडतात. दोराचे ड्रमवर जास्त वेढे घेतले किंवा हॅमर ६० सेंमीवरूनच सुटला, तर ऊर्जा कमी पडते आणि एन फुगतो. तळाचा गाळ न काढता स्पून सोडला की तो आकडा गाळाचा असतो. आणि खाडीकाठच्या वाळूत बोअरमधलं पाणी बाहेरच्या पातळीखाली गेलं, तर वाळू तळातून वर उसळते आणि चांगला थरही भुसभुशीत दिसतो. गाइड रॉडवर ७५ सेंमीची खूण करून घ्या, बोअर पाण्याने भरलेला ठेवा.

यातलं काही चुकलेलं दिसलं तर टेस्ट रद्द करायला सांगणं, हा नेतृत्वाचा पहिला धडा. तो अवघड आहे, कारण मुकादम वयाने मोठा असतो आणि बोअरचा हिशेब बहुतेक ठिकाणी मीटरवर असतो. थांबलेल्या तासाचे पैसे त्याला मिळत नाहीत. म्हणून हुकूम सोडू नका. "काका, जरा टेप लावून बघूया" म्हणा, त्याच्यासमोर मोजा, आणि पुन्हा घेतलेल्या टेस्टचे पैसे करारात आधीच धरून ठेवा. जो अभियंता हे कलम लिहून घेतो, त्याच्या साइटवरचे आकडे खरे असतात.

आता जांभा. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांवर वर कडक जांभ्याचं कवच असतं आणि त्याखाली बऱ्याच ठिकाणी शेडी लागते: पांढरट, गुलाबी, जांभळट छटांची, हाताला साबणासारखी लागणारी चिकणमाती. कवचात स्पून अडकतो, ५० ठोक्यांत १५ सेंमीही जात नाही. लॉगवर (बोअरच्या थरवार नोंदीत) 'रिफ्यूजल' लिहिलं जातं आणि बोअर चार मीटरवर बंद होतो. खाली शेडीत एन दहा-बाराही असू शकतो, हे मग पाया खोदताना कळतं. म्हणून कोकणात रिफ्यूजल लागला की काम संपलं असं समजायचंच नाही. कोअरिंग करून (दगडाचा गोल दांड्यासारखा नमुना, म्हणजे कोअर, कापून काढत) कवच पार करा, खाली पुन्हा एसपीटी घ्या, आणि खरा कातळ लागला असं वाटलं तरी त्यात निदान तीन मीटर जा. बेसाल्टच्या कुजलेल्या थरातही मोठाले गोटे सुटे पडलेले असतात, आणि एक मीटरच्या कोअरमध्ये गोटा आणि कातळ सारखेच दिसतात.

शेडीबद्दल आणखी एक. कोरडी असताना ती उभी कापली तरी टिकते, त्यामुळे कटिंग करणाऱ्याचा विश्वास बसतो. पावसात जांभ्यातल्या भोकांतून पाणी खाली उतरतं, शेडीवर अडतं आणि त्या सांध्यातून झऱ्यासारखं बाहेर येतं. शेडी मऊ झाली की वरचं जांभ्याचं कवच आधाराविना तुटून येतं. जमिनीतल्या पाण्याची पातळी म्हणूनच एकदा मोजून भागत नाही. बोअर संपल्यावर २४ तासांनी घ्या, पाइप तिथेच ठेवून ऑगस्टमध्ये पुन्हा घ्या. शेजारच्या विहिरीत दोर सोडा. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना झरा कुठे फुटतो ते विचारा. ते बोट दाखवतात ती जागा बोअरच्या नकाशावर आलीच पाहिजे.

पाण्याचं वजन वरिष्ठांना पटवायचं असेल तर आकडा ठेवा. पाच मीटर उंच रिटेनिंग वॉलमागे कोरडा मुरूम असेल, वजन १८ किलोन्यूटन प्रति घनमीटर आणि घर्षणकोन ३० अंश, तर जोर येतो मीटरला ७५ किलोन्यूटन. वीप होल (भिंतीतली पाणी निचरायची भोकं) बुजले आणि मागे माथ्यापर्यंत पाणी साचलं, तर तोच जोर १६०च्या घरात जातो, त्यात नुसत्या पाण्याचा १२३. भिंत दुपटीहून जास्त जोर घेण्यासाठी बांधलेलीच नसते. भिंतीमागच्या फिल्टरचे दगड वाचवू पाहणाऱ्या ठेकेदारासमोर हे दोन आकडे एका कागदावर मांडले की चर्चा लवकर संपते.

खाडीतल्या चिखलात वेगळा हिशेब. तिथे एसपीटीवर भिस्त ठेवू नका, वेन शिअर करा, म्हणजे चिखलात पाती फिरवून त्याची ताकद मोजा. ताकद १० किलोपास्कल आली तर जमीन साधारण ५१ किलोपास्कल पेलते (५.१४ गुणिले १०). म्हणजे घनमीटरला १८ किलोन्यूटनचाच भराव २.८ मीटरवर कोसळणार, १.४चा सुरक्षांक धरला की हातात उरतात जेमतेम दोन मीटर. त्याहून उंच हवा तर टप्प्याटप्प्याने चढवा आणि मध्ये थांबा. चिखलाची जाडी दुप्पट झाली की खचायला लागणारा वेळ चौपट होतो, हे वेळापत्रक बनवणाऱ्यांना कामाच्या आधी सांगणं तुमचं काम.

तिसऱ्या वर्षापासून रिपोर्ट लिहायला मागा. एम.टेक. करायचं असेल तर गेट देऊन याच सुमारास जावं असं आमचं स्पष्ट मत आहे. साइट बघून गेलेल्याला कन्सॉलिडेशनचा (भाराखाली चिखलातलं पाणी निघून तो खचण्याचा) तास वेगळाच कळतो. लोणेऱ्याचं तंत्रशास्त्र विद्यापीठ कोकणातच आहे, मुंबई-पुण्याचे पर्याय आहेतच. १९४८ पासून चालत आलेल्या इंडियन जिओटेक्निकल सोसायटीचं सदस्यत्व घ्या.

त्यापुढची पायरी म्हणजे तपासणीचा आराखडा आणि अंदाजपत्रक. इथे बरेचजण तांत्रिक बाजूत हुशार असून मागे पडतात, कारण त्यांच्या वेळापत्रकात कोकण नसतं. सातबारावर दहा-पंधरा सहहिस्सेदार, त्यातले निम्मे मुंबईला. परवानगीला महिना धरा. एप्रिल-मेमध्ये आंबा उतरत असताना बागेतून रिग (बोअरचं यंत्र) नेऊ देणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. बागेतले बोअर नोव्हेंबर-डिसेंबरात उरका, सडा नंतर घ्या. जून ते सप्टेंबर उतारांची पाहणी ठेवा: माथ्यावरच्या भेगा, तिरकी झालेली झाडं, अचानक गढूळ झालेला झरा. २२ जुलै २०२१ची तळियेची दरड कोकणात कुणी विसरलेलं नाही. अशी भेग दिसली तर रिपोर्ट टाइप होण्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी तहसीलदार आणि सरपंचांना तोंडी आणि लेखी कळवा.

हाताखाली मुलं आली की त्यांचे लॉग ऑफिसात बसून तपासू नका. कोअर बॉक्स उघडा. दीड मीटरच्या रनमध्ये (एका खेपेत कापलेल्या लांबीत) १० सेंमी किंवा त्याहून लांब तुकड्यांची बेरीज ९० सेंमी असेल तर आरक्यूडी, म्हणजे कातळ किती अखंड आहे त्याचं माप, ६० टक्के. पण ड्रिलिंगमध्ये ताजे तुटलेले तुकडे जोडून एकच धरायचे, हे नव्यांकडून हमखास राहतं. ड्रिलिंगसाठी सोडलेलं पाणी कुठल्या खोलीवर परत येणं थांबलं आणि त्याचा रंग कुठे बदलला, हे लॉगवर नसेल तर लॉग परत द्या. जांभ्यात कोअर कमी मिळतो, तिथे हीच नोंद पोकळी आणि शेडी दाखवते. आणि बॉक्सवरचे नंबर ऑइल पेंटने लिहून घ्या. मार्करची शाई पहिल्या पावसातच धुऊन जाते.