महापालिकेची माध्यमिक शाळा बघायला जाताना

प्रवेश जूनमध्ये असला तरी शाळा बघायची ती आदल्या वर्षीच्या दिवाळीनंतर, आणि तीही कामाच्या दिवशी. स्नेहसंमेलनाला जाऊन मत बनवू नका, त्या दिवशी सगळ्याच शाळा छान दिसतात. मुंबईत आठवीसाठी महापालिकेची छोटी माध्यमिक शाळा बघत असाल, नववी-दहावीची एकेकच तुकडी आणि वर्गात तीस-पस्तीस मुलं अशी, तर हे वाचून जा. छोटी शाळा मला मनापासून आवडते. मूल दोन दिवस आलं नाही तर बाईंचा घरी फोन येतो, सरांना प्रत्येकाच्या घरची परिस्थिती माहीत असते. पण अशा शाळेत गणित आणि विज्ञान मिळून बहुतेक वेळा एकच शिक्षक असतो. तो आहे का आणि आपलं मूल दहावी होईपर्यंत राहणार का, हे विचारल्याशिवाय परत येऊ नका. थोरलीच्या वेळी आम्ही इमारत बघितली, निकाल बघितला आणि नेमकं हेच विचारायचं राहिलं. ती नववीत असताना दिवाळीच्या सुमाराला सर निवृत्त झाले, पद रिकामंच राहिलं, आणि गणिताच्या तासाला हिंदीच्या बाई मुलांना शांत बसवत राहिल्या. नववीचं अर्धं बीजगणित तिने दहावीत, दहावीच्या अभ्यासाच्या जोडीला केलं. म्हणून खाली हा एकच मुद्दा परत परत येईल.

घरून निघायच्या आधी शाळेचा यू-डायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक, मिळवा. अकरा आकडी असतो, महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो. तो नीट बघून घ्या, कारण महापालिकेच्या एकाच इमारतीत मराठी, हिंदी, उर्दू अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या शाळा भरतात. प्रत्येकीचा मुख्याध्यापक वेगळा, क्रमांक वेगळा, कधी पाळीही वेगळी. बाहेरून चार मजली दिसणारी शाळा तुमच्यासाठी एका मजल्यावरच्या पाच खोल्या असू शकते. यू-डायस प्लसच्या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की वर्गवार पट आणि शिक्षकांची संख्या दिसते. मात्र आज गणिताच्या तासाला वर्गात कोण उभं आहे, हे त्या आकड्यावरून कळत नाही. त्यासाठी जावंच लागतं.

पट बघताना नववी आणि दहावी शेजारी शेजारी ठेवा. निकाल शंभर टक्के असला तरी लगेच हुरळून जाऊ नका. गेल्या वर्षी नववीत किती मुलं होती आणि त्यातली किती दहावीला शाळेकडून बसली, हे विचारा. मोठी घट दिसली तर बाकीची मुलं कुठे गेली, हेही विचारा. काही शाळा कच्च्या मुलांना नववीतच १७ नंबरचा फॉर्म भरायला सांगतात. ती मुलं खाजगी विद्यार्थी म्हणून बसतात आणि शाळेच्या निकालात धरली जात नाहीत. आपलं मूल हुशार आहे, आपल्याला काय करायचंय, असं म्हणू नका. कच्च्या मुलाला शाळा कशी वागवते, यावरून शाळा कळते.

शाळेत मधल्या सुट्टीच्या थोडं आधी पोहोचा, म्हणजे तास चालू असतानाची शाळाही दिसते आणि सुट्टीतलीही. मुलींचं स्वच्छतागृह आईने आत जाऊन बघावं, नळ सोडून बघावा. पिण्याचं पाणी, जिन्यातले दिवे, पटांगण हे चालता चालता दिसेलच. संगणक कक्षाचं कुलूप उघडायला किती वेळ लागतो, तेवढं लक्षात ठेवा.

मुख्याध्यापकांच्या खोलीत पहिला प्रश्न गणित-विज्ञानाच्या शिक्षकाचा. "शिक्षक आहेत ना?" असं विचारलंत तर "आहेत की" हेच उत्तर येणार. म्हणून नाव विचारा. कायम आहेत की तासिका तत्त्वावर, विचारा. या शाळेत किती वर्षं आहेत, विचारा. आणि निवृत्ती कधी, हे न लाजता विचारा. राज्यात शाळेतले शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतात. मूल आठवीत जाताना सर छप्पन्न पूर्ण केलेले असतील, तर हिशोब सरळ आहे, मूल दहावीत पोहोचेपर्यंत सर गेलेले असतील. पुढे कोण येणार हे मुख्याध्यापकांच्या हातात नसतं. शिक्षकांची पदं संचमान्यतेत, म्हणजे सरकारच्या पदमंजुरीत, पटावरून ठरतात. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि समायोजनात दुसऱ्या शाळेत जातो. छोट्या शाळेत ही टांगती तलवार कायमची. त्यामुळे पट गेल्या तीन वर्षांत वाढतोय की उतरतोय, हा प्रश्नसुद्धा शेवटी गणिताच्या सरांचाच प्रश्न आहे. सेमी इंग्रजीची तुकडी असेल तर आणखी एक: सर वर्गात इंग्रजीतून शिकवतात, की पुस्तक इंग्रजी आणि शिकवणं मराठी? दोन्ही चालतं, पण आपल्याला माहीत हवं.

निवडणुकीच्या कामाचंही विचारा. शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांना बाकीची अशैक्षणिक कामं लावायला बंदी आहे, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक त्यातून वगळली आहेत. गणिताच्या त्या एकुलत्या एक सरांकडे मतदार यादीचं काम असेल तर त्यांचे तास कोण घेतं? पुन्हा नाव विचारा.

आता सांगितलेलं पडताळायचं. नववीच्या वर्गातलं वेळापत्रक वाचा, गणित-विज्ञानाच्या चौकटीत कुणाची आद्याक्षरं आहेत ते बघा. मग एखाद्या मुलाची गणिताची वही मागा. मुलं आनंदाने दाखवतात. समासातल्या तारखा बघत पानं उलटा. ऑगस्टपर्यंत रोज तारीख, मग तीन आठवडे काहीच नाही आणि मग एकदम पुढचं प्रकरण, असं दिसलं तर तुम्हाला उत्तर मिळालं. दहावीची प्रयोगवहीही मागा. विज्ञानाचे दोन पेपर ४० - ४० गुणांचे आणि प्रात्यक्षिकाचे २० गुण. त्या वीस गुणांचं काम वर्षभर होतं की शेवटी उरकतात, हे सह्यांवरून कळतं. सगळ्या प्रयोगांखाली एकाच दिवसाची तारीख असेल तर ते प्रयोग फळ्यावरून उतरवलेले आहेत. परीक्षानळ्यांवर धूळ आहे का, हे बघायची मग गरज नाही.

आठवीत एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेला किती मुलं बसवली, हे विचारायला विसरू नका. महापालिकेच्या शाळेचा हा खरा फायदा आहे. ही शिष्यवृत्ती शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांनाच मिळते, उत्पन्नाची अट साडेतीन लाखांची, आणि नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये. फॉर्म शाळेतून भरला जातो. "आमच्याकडे कुणी बसत नाही" असं उत्तर आलं तर ती शाळा मुलांचे पैसे घालवतेय. एलिमेंटरी, इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांनाही बसवतात का, विचारा.

शाळा सुटताना गेटवर थांबा. दहावीच्या मुलांना एवढंच विचारा, "गणिताला कोण आहेत? कालचा तास झाला का?" मुलं खोटं बोलत नाहीत. न्यायला आलेल्या पालकांपैकी कुणी शाळा व्यवस्थापन समितीवर असेल तर नंबर घ्या. समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात, त्यामुळे एखादा भेटतोच. शेवटची बैठक कधी झाली आणि रिकाम्या पदाचा विषय निघाला का, तेवढं कळलं तरी पुष्कळ.

प्रवेशाच्या वेळी दाखला, आधार, फोटो. जनरल रजिस्टरला नावाचं स्पेलिंग आणि जातीची नोंद स्वतः वाचून मगच सही करा, दहावीच्या प्रमाणपत्रावर नाव तसंच येतं आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जात तशीच येते. सही करण्याआधी पुन्हा एकदा: गणित-विज्ञानाला यंदा कोण? हिवाळ्यात सांगितलेलं नाव जूनमध्ये बदललेलं असू शकतं.

शाळा सुरू झाली की पंधरा दिवसांनी मुलाची वही उघडा. तास रिकामे जात असतील तर पालकसभेची वाट बघू नका. पाच-सहा पालकांच्या सह्यांचा अर्ज मुख्याध्यापकांना, प्रत वॉर्डातल्या प्रशासकीय अधिकारी (शाळा) यांना, आणि दोन्हीकडून शिक्का मारलेली पोच घ्या.