समावेशनाचे काम राजकीय बदलांत टिकवायचे असेल, तर या चुका टाळा

अमेरिकेतील विद्यापीठांमध्ये विविधता, समता आणि समावेशनासाठी काम करणाऱ्यांच्या पायाखालची जमीन गेल्या काही वर्षांत झपाट्याने सरकली आहे. २९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना या विद्यापीठांच्या खटल्यांत प्रवेश देताना वंशाचा विचार करण्याची पद्धत बेकायदा ठरवली. १ जानेवारी २०२४ पासून टेक्सासमध्ये ‘सिनेट बिल १७’ लागू झाले आणि सरकारी विद्यापीठांतील विविधता आणि समावेशनाची कार्यालये बंद करणे भाग पडले. जानेवारी २०२५ मध्ये अशा कार्यक्रमांविरुद्ध राष्ट्राध्यक्षांचे, म्हणजे संघराज्य पातळीवरचे, आदेशही निघाले. या सगळ्यात झालेल्या नुकसानाला केवळ कायदे जबाबदार आहेत, असे मला वाटत नाही. अनेक ठिकाणी संस्थांनी घाईत, भीतीपोटी किंवा सवयीने घेतलेल्या निर्णयांनी त्यात भर घातली, आणि हा भाग आपल्या हातातला असल्यामुळे त्याविषयी स्पष्टपणे लिहिणे आवश्यक आहे.

कायदा न वाचताच माघार घेणे

सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. टेक्सासच्या कायद्याने कार्यालये, त्यांतील पदे आणि सक्तीची प्रशिक्षणे यांवर बंदी घातली. मात्र वर्गातील अध्यापन, संशोधन, विद्यार्थी संघटनांचे उपक्रम, पाहुण्या वक्त्यांची व्याख्याने आणि माहितीचे संकलन या गोष्टी त्याच कायद्याने स्पष्ट शब्दांत वगळल्या आहेत. ज्याने मूळ मजकूर वाचला नाही, तो परवानगी असलेले कामही बंद करून बसतो, आणि एकदा बंद केलेले काम पुन्हा सुरू करायला कोणी सहसा पुढे येत नाही.

कायदा, आदेश आणि पत्र यांतला फरकही असाच नजरेआड होतो. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी संघराज्याच्या शिक्षण विभागाने विद्यापीठांना पत्र लिहून वंशाचा विचार करणाऱ्या पद्धती थांबवण्यासाठी १४ दिवसांची मुदत दिली. त्या पत्राला कायद्याचे बळ नव्हते. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयांनी त्याच्या अंमलबजावणीला अटकाव केला आणि ऑगस्टमध्ये मेरीलँडमधील संघीय न्यायालयाने ते रद्दच ठरवले. मधल्या काळात ज्यांनी आपली संकेतस्थळे पुसून काढली, त्यांच्या हाती काहीच लागले नाही. राष्ट्राध्यक्षांच्या २१ जानेवारी २०२५ च्या आदेशातही अनुदान घेणाऱ्या संस्थांकडून जे प्रमाणपत्र मागितले आहे, ते भेदभावविरोधी कायद्यांचा भंग करणारे कार्यक्रम चालवत नसल्याचे आहे. ‘भंग करणारे’ या शब्दांकडे दुर्लक्ष करून सरसकट सगळेच कार्यक्रम गुंडाळणे हे त्या आदेशाचेही चुकीचे वाचन ठरते.

यावर उपाय सोपा असला तरी चिकाटीचा आहे. विधी विभागासोबत बसून प्रत्येक उपक्रमाची नोंद तीन रकान्यांत करावी: लागू असलेल्या कायद्याने मनाई केलेले, केवळ पत्रांत किंवा भाषणांत टीका झालेले, आणि कायद्याने बंधनकारक असलेले. तिसरा रकाना बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. वंशभेदाला मनाई करणारे १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे ‘टायटल सिक्स’, लिंगभेदाला मनाई करणारे १९७२ चे ‘टायटल नाइन’, अपंगांविषयीच्या भेदभावाला मनाई करणारे पुनर्वसन कायद्यातील १९७३ चे कलम ५०४ आणि १९९० चा अपंग नागरिकांविषयीचा कायदा हे सर्व आजही लागू आहेत. समजा, वसतिगृहातील एका खोलीच्या दारावर वंशद्वेषी मजकूर लिहिलेला आढळला. आजवर विद्यार्थी ज्या कार्यालयाला पहिला ईमेल करत होते, ते बंद झाले असेल आणि तो पत्ताही बंद असेल, तर ती तक्रार कुणापर्यंतच पोहोचत नाही. तक्रारीची दखल घेण्याचे संस्थेचे कर्तव्य मात्र संपलेले नसते. म्हणून कार्यालयाला कुलूप लावण्यापूर्वी त्याच्याकडे येणाऱ्या प्रत्येक प्रकारच्या अर्जाला आणि तक्रारीला नवा जबाबदार अधिकारी नावानिशी नेमून द्यावा.

पाटी बदलून निश्चिंत होणे

ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाने आपल्या ‘विविधता आणि समाज-सहभाग’ विभागाचे नाव बदलून ‘परिसर आणि समाज-सहभाग’ असे ठेवले. मार्च २०२४ मध्ये या कायद्याचे प्रवर्तक, सिनेटर ब्रँडन क्रेटन यांनी नुसते नामांतर चालणार नाही, असे राज्यातील विद्यापीठांना पत्राने बजावले आणि २ एप्रिलला तो विभागच बंद करण्यात येत असल्याचे जाहीर झाले. अनेक कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. नाव बदलण्यास माझा विरोध नाही, कारण कधीकधी नवे नाव कामाचे अधिक नेमके वर्णन करते. परंतु आतले काम तेच ठेवून फक्त शब्द बदलले, तर विरोधकांना ती लपवाछपवी वाटते आणि विद्यार्थ्यांना आपल्याला टाकून दिल्यासारखे वाटते. विश्वास दोन्हीकडून जातो.

कार्यक्रमाचे सार आणि पात्रतेची अट यांची गल्लत करणे

एखादा कार्यक्रम केवळ विशिष्ट समूहासाठी राखीव असेल आणि ती अट कायद्याने टिकणार नसेल, तर पुष्कळ जण अटीबरोबर कार्यक्रमही सोडून देतात. मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेतील ‘मायरहॉफ स्कॉलर्स’ कार्यक्रमाचा इतिहास इथे बारकाईने पाहण्यासारखा आहे. १९८८ मध्ये फ्रीमन ह्राबोव्स्की आणि देणगीदार रॉबर्ट व जेन मायरहॉफ यांनी विज्ञान आणि अभियांत्रिकी शिकू इच्छिणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांसाठी तो सुरू केला. पुढे त्यात मुलींनाही घेतले गेले. १९९४ मध्ये याच राज्यातील दुसऱ्या एका शिष्यवृत्तीविषयी, म्हणजे केवळ कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या बॅनेकर शिष्यवृत्तीविषयी, संघीय अपील न्यायालयाने प्रतिकूल निकाल दिला. मायरहॉफच्या चालकांनी १९९६ मध्ये आपला कार्यक्रम सर्व वंशांच्या विद्यार्थ्यांना खुला केला, पण त्याचा गाभा हलू दिला नाही. पहिल्या सत्रापूर्वीचे सहा आठवड्यांचे उन्हाळी वर्ग, गटाने अभ्यास करण्याची शिस्त, लवकर मिळणारा प्रयोगशाळेतील अनुभव, सतत चौकशी करणारे मार्गदर्शक आणि पीएच.डी.पर्यंत जाण्याची उघड अपेक्षा हे सगळे कायम राहिले. विज्ञानात अल्पसंख्याकांची प्रगती व्हावी याविषयीची आस्था ही विद्यार्थ्यांकडून असलेली अपेक्षाही टिकली. हा कार्यक्रम आजही चालू आहे, आणि २०१३ मध्ये पेन स्टेट व चॅपल हिल येथील विद्यापीठांनी त्याच धर्तीवर आपले कार्यक्रम उभे केले.

यावरून घ्यायचा धडा असा की, अट बदलण्याची वेळ येण्यापूर्वीच कार्यक्रमाचे सार कागदावर मांडून ठेवावे. अर्जाच्या नमुन्यात ‘फक्त अमुक समूहातील विद्यार्थ्यांसाठी’ हे वाक्य असेल, तर त्या जागी आपल्याला खरोखर काय हवे आहे ते लिहावे: कुटुंबातून विद्यापीठात येणारी पहिली पिढी, जिथे प्रगत गणित शिकवलेच जात नाही अशा शाळेतील शिक्षण, किंवा आपल्या वस्तीतील मुलांना शिकवण्याचा अनुभव. प्रत्येक निकषामागचे शैक्षणिक कारण आधीच नोंदवावे, कारण वंशाला पर्याय म्हणून छुपे निकष वापरू नयेत, अशी सूचना जुलै २०२५ मध्ये न्याय विभागाने दिली आहे. प्रवेश अर्जासोबतच्या निबंधाच्या बाबतीतही हीच दक्षता हवी. वंशाचा आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे विद्यार्थ्याने लिहावे, याला २०२३ च्या निकालाने मनाई केलेली नाही. त्या निबंधाच्या आडून जुनी पद्धत पुन्हा आणण्याला मात्र केली आहे.

आकडेवारी गोळा करणे थांबवणे

वाद नको म्हणून काही संस्था नोंदीच ठेवेनाशा होतात. एमआयटीने २०२४ मध्ये प्रवेश घेतलेल्या वर्गाची माहिती प्रसिद्ध केली, म्हणूनच कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे प्रमाण आधीच्या वर्षांतील सरासरी १३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आल्याचे जगाला कळले. मोजमाप थांबले की घसरणही दिसेनाशी होते, आणि न दिसणाऱ्या घसरणीवर कुणी पैसे मंजूर करत नाही. आकडे अप्रिय असले तरी ते मांडावेतच. सरकारी विद्यापीठांच्या प्रवेशांत वंशाचा विचार करण्यास मनाई करणाऱ्या १९९६ च्या ‘प्रपोझिशन २०९’ या राज्यातील जनमत-कायद्यानंतर कॅलिफोर्निया विद्यापीठाने वंशनिरपेक्ष मार्गांवर ५० कोटी डॉलरहून अधिक खर्च करूनही अपेक्षित विविधता साधली नसल्याचे सर्वोच्च न्यायालयाला लेखी कळवले होते. पर्यायी मार्ग अपुरे पडतात, हे प्रामाणिकपणे सांगण्याचे धैर्य त्यात आहे.

एक व्यक्ती आणि एक अनुदान यांवर विसंबणे

एका व्यक्तीच्या जोरावर चाललेला उपक्रम ती व्यक्ती गेली की थांबतो, आणि बाहेरच्या अनुदानावरचा उपक्रम अनुदानाबरोबरच संपतो. रोजच्या कामात मिसळलेला उपक्रम मात्र टिकतो. जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०११ पासून थोड्याशा थकबाकीमुळे शिक्षण सुटण्याच्या बेतात असलेल्या विद्यार्थ्यांना छोट्या रकमा देण्यास सुरुवात केली. त्यासाठी वेगळी अस्मिता किंवा वेगळे कार्यालय लागत नाही, ते लेखा आणि सल्ला विभागांच्या रोजच्या कामात बसते. विरोध करणाऱ्या लोकप्रतिनिधीलाही त्यात खोट काढणे कठीण जाते, कारण विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडावा असे त्यालाही वाटते.

विद्यार्थ्यांना अंधारात ठेवणे

निर्णय बैठकीत होतो आणि विद्यार्थ्यांना तो बंद दारावरून कळतो, असे होऊ देऊ नये. एखादा उपक्रम थांबवावाच लागला, तर त्याच दिवशी त्यांना पत्र जावे. कोणत्या कायद्यामुळे हे करावे लागले, कोणती मदत चालू राहणार आहे, ती कोणत्या इमारतीत, कोणत्या अधिकाऱ्याकडे आणि कोणत्या वेळेत मिळेल, हे त्यात लिहिलेले असावे. चालू वर्षासाठी मंजूर झालेल्या शिष्यवृत्तीचे काय होणार, हे पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात सांगावे, कारण विद्यार्थी आधी तेच शोधणार आहे.