दोन फुटी खाऱ्या टाकीसाठी मासे निवडताना

खाऱ्या पाण्याच्या लहान टाकीत पहिला मासा कुठला जातो, त्यावर पुढचे सगळे मासे ठरतात. बहुतेक घरांत तो पहिला मासा डॅमसेल असतो. स्वस्त, चिवट, निळाभोर, आणि ‘टाकी सेट व्हायला आधी हा सोडा’ असं दुकानात हमखास सांगतात. महिन्याभरात तो अख्खी टाकी आपली समजायला लागतो आणि नंतर येणाऱ्या प्रत्येकाचे पर कुरतडतो. त्याला परत पकडायचं तर सगळे दगड बाहेर काढावे लागतात. म्हणून एकही मासा घरी आणण्याआधी पूर्ण यादी कागदावर हवी: कोण, किती आणि कुठल्या क्रमाने.

इथला हिशेब 24 × 12 × 15 इंची टाकीचा आहे. मापाने ती 70 लिटरची, पण रेती, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी उरतं साधारण 55 लिटर. एवढ्यात चार छोटे मासे ही कमाल; तीन असले तर उत्तम. गोड्या पाण्यातले गप्पी-मॉली पाळलेल्यांना हा आकडा फारच कमी वाटतो. पण खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळात कमी विरघळतो, आणि प्रवाळावरचे बरेच मासे आपापली हद्द धरून राहतात. हद्दी पुरल्या नाहीत की मारामाऱ्या ठरलेल्या.

मुंबईत याच्यावर उकाड्याची भर. माशांना पाणी 25 ते 27 अंश हवं. मे आणि ऑक्टोबरमध्ये बंद खोलीतली टाकी, दिवे आणि पंपांच्या उष्णतेसकट, सहज 31-32 पर्यंत जाते. पाणी तापलं की ऑक्सिजन घटतो आणि माशांची गरज मात्र वाढते. पृष्ठभागावर वारा मारणारा छोटा पंखा तापमान दोनेक अंश उतरवतो, पण ते काम बाष्पीभवनाचं आहे. दमट हवेत पाणी उडत नाही, मग पंखाही फारसा कामाचा राहत नाही. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) परवडत नसेल तर यादीतला एक मासा कमी करा आणि पाणी जोरात हलतं ठेवा. उडालेलं पाणी रोज आरओच्या गोड्या पाण्याने भरायचं, खाऱ्याने नाही, कारण मीठ उडत नाही. हे चुकलं की खारटपणा गुपचूप वाढत जातो.

मासे येण्याआधी टाकी चार ते सहा आठवडे बिनमाशांची चालवा. माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जीवाणू या काळात वाढतात आणि त्यांना अमोनियाचा स्रोत हवा; त्यासाठी चिमूटभर खाद्य किंवा बाटलीतलं अमोनियम क्लोराइड पुरतं, जिवंत मासा पणाला लावायची गरज नाही. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, नायट्रेट 20 पीपीएमच्या खाली, रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं उपकरण) विशिष्ट गुरुत्व 1.025, एवढं जमलं की मगच बाजार गाठायचा. चौपाटीवरचं पाणी आणू नका: त्यात सांडपाणी असतं आणि पावसाळ्यात खारटपणाही उतरलेला असतो.

आता मासे. या मापाच्या टाकीचा खरा मानकरी ऑसेलारिस क्लाउन. वाढून आठ-नऊ सेंटीमीटर होतो, कोरडे दाणे खातो आणि त्याला आसऱ्यासाठी फुलासारखा समुद्री जीव अ‍ॅनिमोन लागत नाही. जोडी हवी असेल तर लहान वयाचे आणि वेगवेगळ्या आकाराचे दोन घ्या. क्लाउन जन्मतः नर असतात; दोघांत जो वरचढ ठरतो त्याची मादी होते. सारख्या आकाराचे दोन मोठे आणले तर हा निकाल मारामारीने लागतो. घेताना नाव नीट विचारा, कारण आपल्याकडे सीबाई आणि क्लार्की क्लाउनही ‘निमो’ म्हणून विकले जातात. ते 15 सेंटीमीटरच्या आसपास जातात आणि मोठे झाले की टाकीत घातलेल्या हातालाही चावतात. हॅचरीत (मत्स्यपैदास केंद्रात) वाढलेला क्लाउन मिळाला तर तोच घ्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या पैदाशीचं तंत्र विकसित केलेलं आहे. असा मासा टाकीत रुळतो लवकर आणि खाण्यासाठी छळत नाही.

तळासाठी यलो वॉचमन गोबी. तो एकटाही मजेत राहतो, पण पिस्तूल कोळंबीबरोबर ठेवला तर बघत बसावं असा प्रकार असतो. कोळंबी बीळ खणते, तिला दिसतं कमी, म्हणून तिची एक मिशी सतत गोबीच्या अंगाला टेकलेली असते. धोका दिसला की गोबी शेपूट थरथरवतो आणि दोघं आत. त्यासाठी रेती किमान दोन इंच हवी. दगड मात्र थेट काचेच्या तळावर टेकवा, रेतीवर नाही. नाहीतर बीळ खणताना दगड ढासळून मासा खाली चिरडतो.

मधल्या पाण्यासाठी एक फायरफिश, नाहीतर एक बांगाई कार्डिनल. फायरफिश भित्रा आहे, दचकला की उडी मारतो आणि सकाळी फरशीवर वाळलेला सापडतो. वर बारीक जाळी बसवणार नसाल तर तो घेऊच नका. बांगाई इंडोनेशियातल्या एका छोट्या द्वीपसमूहातला आणि तिथे धोक्यात आलेला. त्यामुळे हॅचरीतलाच मागा. रॉयल ग्रामाही चालतो, पण तो कॅरिबियनचा, इथपर्यंत येताना बराच महाग होतो.

नको असलेल्यांत ब्लू टँग पहिला. दुकानात तीन इंची दिसतो, वाढतो फूटभर. बॅटफिश त्याहून मोठा. मँडरिन दिसायला देखणा, पण तो दिवसभर दगडांवरचे कोपेपॉड नावाचे बारीक जीव टिपून जगतो. लहान टाकीत ते काही आठवड्यांत संपतात आणि मासा उपाशी मरतो. क्लीनर रॅसही लहान टाकीत असाच उपाशी मरतो. डोमिनो डॅमसेल तर निळ्यापेक्षाही भांडखोर. समुद्री घोडे आणि प्रवाळ वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 खाली संरक्षित आहेत. कुणी हळूच काउंटरखालून दाखवले तरी घेऊ नका. टाकीत कृत्रिम किंवा सिरॅमिकचे दगड वापरा.

क्रॉफर्ड मार्केटला किंवा कुठल्याही दुकानात मासा निवडताना दहा मिनिटं नुसतं बघा. कल्ले भराभर उघडमीट करत असतील, पोट आत गेलेलं असेल, मासा दगडाला अंग घासत असेल किंवा फिल्टरच्या धारेत तोंड खुपसून उभा असेल, तर सोडून द्या. क्लाउनच्या अंगावर पांढुरका बुळबुळीत थर दिसला तर त्या टाकीतला एकही मासा नको. तो रोग काही दिवसांतच जीव घेतो. मग समोर खाद्य टाकायला सांगा. खात नसेल तर स्वस्त असला तरी नको. माल आजच आलाय असं कळलं तर आठवड्याने या. आणि दुकानातल्या पाण्याचा खारटपणा विचारून घ्या. बऱ्याच ठिकाणी तो 1.018-1.020 ठेवतात, आणि तिथून थेट 1.025 मध्ये सोडलेला मासा वरकरणी ठीक दिसून दोन दिवसांनी मरतो.

बोरिवली-ठाण्यापर्यंत तासाभराचा प्रवास असेल तर पिशवी थर्माकोलच्या डब्यात ठेवा. घरी आल्यावर मुख्य टाकीत नाही, 30 लिटरच्या उघड्याबोडक्या क्वारंटाइन टाकीत सोडायचं: रेती नाही, फक्त स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. तिथलं पाणी दुकानातल्या खारटपणाला जुळवून ठेवा आणि रोज 0.001 ने वाढवत न्या. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. चार आठवडे इथेच, अमोनिया रोज तपासत.

मुख्य टाकीत क्रम असा: आधी फायरफिश किंवा कार्डिनल, दोन-तीन आठवड्यांनी गोबी, शेवटी क्लाउन. भित्र्यांना आधी जागा मिळू द्या. दांडगट उशिरा आले तर त्यांना तडजोड करावी लागते. तरीही कुणी कुणाला कोपऱ्यात दाबत असेल, तर दगडांची मांडणी बदला. जुन्या हद्दी मोडतात आणि सगळ्यांना नव्याने जागा शोधावी लागते.

क्वारंटाइन टाळलं आणि मुख्य टाकीत माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके (हा परजीवीचा रोग) दिसले, तर तिथे तांब्याचं औषध घालू नका. ते कोळंबी मारतं आणि दगडांत मुरून राहतं. सगळे मासे बाहेर काढून वेगळ्या टाकीत उपचार करा आणि मुख्य टाकी सुमारे अडीच महिने माशांविना चालवा. यजमान मासा नसला की तो परजीवी तेवढ्या काळात संपतो. कोळंबी तिथेच राहिली तरी चालते, तिला तो लागत नाही.