फुटबॉल क्लबसाठी नवा मॅनेजर कसा निवडावा

26 जानेवारी 2024 रोजी इंग्लंडमधल्या लिव्हरपूल क्लबचे मॅनेजर युर्गेन क्लॉप यांनी जाहीर केले की हंगाम संपला की आपण क्लब सोडणार. त्याच दिवसापासून चाहत्यांच्या तोंडी एक नाव बसले: झाबी अलोन्सो. क्लबचा जुना लाडका खेळाडू, आणि त्या वेळी जर्मनीत लेव्हरकुझेनला एकही सामना हरू न देणारा प्रशिक्षक. मार्चअखेर अलोन्सो यांनी आपण आहोत तिथेच राहणार असे सांगितले. मे महिन्यात लिव्हरपूलने नेदरलँड्समधल्या फेयेनूर्ड क्लबच्या आर्ने स्लॉट यांची नेमणूक जाहीर केली. आपल्याकडे शनिवारी-रविवारी रात्री जागून इंग्लिश लीग पाहणाऱ्यांपैकीही अनेकांना हे नाव नवीन होते. पुढच्याच हंगामात लिव्हरपूलने लीग जिंकली, तीही जवळजवळ जुन्याच संघावर. त्या उन्हाळ्यात विकत घेऊन लगेच संघात आलेला खेळाडू एकच होता, फेदेरिको किएसा.

याला नुसते नशीब म्हणता येणार नाही. क्लबने काम काय आहे ते आधी ठरवले आणि त्या कामाला माणूस शोधला. बहुतेक क्लब उलट करतात: आधी नाव पकडतात आणि मग त्या नावाभोवती क्लब फिरवतात. तुमचा क्लब मुंबई-पुण्याच्या जिल्हा लीगमध्ये खेळत असो, गोव्यात प्रो लीगला असो किंवा इंडियन सुपर लीगमध्ये, निवडीचा क्रम हाच ठेवावा असे मला ठामपणे वाटते.

निवडणारे कोण, ते पहिल्यांदा ठरवा

लिव्हरपूलने मॅनेजरच्या आधी मॅनेजर निवडणारी माणसे आणली. मार्च 2024 मध्ये मायकेल एडवर्ड्स मालक कंपनीत परतले, त्यांनी बोर्नमथचे रिचर्ड ह्यूज यांना क्रीडा संचालक म्हणून घेतले, आणि मग शोधाला खरा वेग आला.

मँचेस्टर युनायटेडमध्ये 2013 साली याच्या नेमके उलट घडले. सर अॅलेक्स फर्ग्युसन मॅनेजरपदावरून निवृत्त झाले आणि त्याच उन्हाळ्यात मुख्य कार्यकारी डेव्हिड गिलही गेले. फर्ग्युसन यांच्या शिफारशीवरून डेव्हिड मॉयस यांना तब्बल सहा वर्षांचा करार मिळाला. 22 एप्रिल 2014 रोजी, वर्षही पुरे व्हायच्या आत, त्यांची उचलबांगडी झाली. संघ तेव्हा सातव्या क्रमांकावर होता. मॉयस काही कच्चे मॅनेजर नव्हते. एव्हर्टनला त्यांनी 11 वर्षे सांभाळले होते, पुढे 2023 मध्ये वेस्ट हॅमला युरोपातला करंडकही जिंकून दिला. पण जाणाऱ्या माणसाच्या शब्दावर येणारा माणूस घेतला, तर क्लबला स्वतःला काय हवे होते हा प्रश्न कोणी विचारायचा?

म्हणून तीन-चार जणांची समिती नेमा. त्यात एक जण पैशांचा हिशेब जाणणारा, एक जण खेळलेला, एक जण खेळाडूंशी रोज संबंध असलेला हवा. संपूर्ण कार्यकारिणीसमोर मुलाखती घेऊ नका. दुसऱ्या दिवशी सगळी नावे मैदानभर झालेली असतात.

एका पानावर काम लिहून काढा

या पानाला वेळ द्या, कारण पुढचे सगळे त्यावर उभे राहते. सध्याच्या संघात कोण आहेत आणि त्यांची वये काय? पुढच्या दोन हंगामांत किती नवे खेळाडू घेणे खिशाला परवडेल? तुमचे बचावपटू वेगात मागे धावू शकतात का? नसतील, तर संपूर्ण संघ वर सरकवून प्रेसिंग (प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर धावून चेंडू हिसकावणे) करायला लावणारा प्रशिक्षक कितीही नामांकित असला तरी तुमच्या कामाचा नाही. 17-18 वर्षांच्या मुलांना मोठ्या संघात खेळवायचे आहे का? असेल तर किती, ते आकड्यात लिहा.

अधिकारांचेही याच पानावर मिटवा. क्लॉप यांचे पद मॅनेजर होते, स्लॉट मुख्य प्रशिक्षक म्हणून आले. खेळाडूंच्या खरेदीची सूत्रे क्रीडा संचालकाच्या हाती आणि सरावाची प्रशिक्षकाच्या, ही विभागणी पहिल्या दिवसापासून स्पष्ट होती. छोट्या क्लबमध्ये याचा अर्थ साधा असतो: अकरा जण कोण खेळणार हे प्रशिक्षक ठरवणार, पदाधिकारी नाही. हे लिहून दिले नाही तर पहिल्या पराभवानंतर अध्यक्षांचा फोन येतोच.

नावांची यादी

यादी जागा रिकामी होण्याआधी तयार असावी. सप्टेंबर 2022 मध्ये चेल्सीने ब्रायटनचे ग्रॅहम पॉटर यांना ऐन हंगामात उचलले. ब्रायटनने दहा दिवसांत रॉबेर्तो दे झेर्बी यांची नेमणूक जाहीर केली आणि त्या हंगामात क्लब इतिहासात पहिल्यांदा युरोपातल्या स्पर्धेसाठी पात्र ठरला. मुंबई सिटीचे डेस बकिंगहॅम नोव्हेंबर 2023 मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड युनायटेडला गेले, तेव्हा मुंबईने आपल्याच मालकसमूहाच्या मेलबर्न सिटीतून पेत्र क्रात्की यांना आणले. मे 2024 मध्ये कोलकात्यात मोहन बागानला 3-1 ने हरवून मुंबईने सुपर लीगचा कप उचलला.

घरातले नावही यादीत हवेच. ब्रेंटफर्डने 2018 मध्ये सहायक असलेल्या थॉमस फ्रँक यांनाच वर आणले आणि तीन वर्षांत क्लब इंग्लंडच्या सर्वोच्च लीगमध्ये, प्रीमियर लीगमध्ये पोचला.

जाहिरात दिली तर अर्ज तपासायला एक माणूस लावा. 2025 मध्ये भारतीय संघाच्या प्रशिक्षकपदासाठी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे 170 अर्ज आले. त्यात चक्क पेप ग्वार्डिओला आणि झावी या जगप्रसिद्ध प्रशिक्षकांच्या नावाचे ई-मेल होते. झावी यांच्या अर्जाची बातमी देशभर गाजली, आणि नंतर महासंघाला ते ई-मेल खरे नसल्याचे सांगावे लागले. अर्ज आला की आधी फोन करा आणि प्रशिक्षणाचे लायसन्स मूळ स्वरूपात पाहा. महासंघाचे डी, मग आशियाई महासंघाचे (एएफसी) सी, बी, ए आणि सर्वांत वर प्रो, अशी ही चढण आहे. कोणत्या लीगला कोणते लागते ते आयोजकांकडून लेखी घ्या.

निकाल आणि खेळ वेगळे करून पाहा

इथे सगळ्यात जास्त चुका होतात. जर्मनीतल्या बोरुसिया डॉर्टमुंडचा 2014-15 चा हंगाम आठवा. क्लॉप तेव्हा तिथे प्रशिक्षक होते. नाताळच्या सुट्टीला संघ शेवटून दुसरा होता, हंगाम संपताना सातवा. गुणतक्ता पाहणारा म्हणेल, क्लॉप संपले. लिव्हरपूलच्या संशोधन विभागाने मात्र प्रत्येक सामन्यात दोन्ही संघांनी निर्माण केलेल्या संधी मोजल्या, तेव्हा दिसले की संघ खेळत चांगला होता, गोल तेवढे होत नव्हते. ऑक्टोबर 2015 मध्ये त्यांनी क्लॉप यांना घेतले. पुढचा इतिहास सगळ्यांना माहीत आहे.

तुमच्याकडे संशोधन विभाग नसेल. वही आणि दोन माणसे पुरतात. ज्या प्रशिक्षकाचा विचार चालू आहे त्याच्या संघाचे पाच-सहा सामने पाहायला पाठवा. एकाने त्या संघाचे पेनल्टी बॉक्सच्या आतून मारलेले फटके मोजायचे, दुसऱ्याने प्रतिस्पर्ध्याचे. गोल झाला की नाही याची नोंद शेवटच्या रकान्यात. सोबत हेही टिपायचे: बदली खेळाडू आत आल्यावर खेळ सुधारला का, गोल खाल्ल्यानंतरच्या दहा मिनिटांत संघ विस्कटला का, कॉर्नरच्या वेळी प्रत्येकाला आपला माणूस माहीत होता का.

आणि हातात किती पैसे होते ते विसरू नका. खालिद जमील यांनी मुंबई एफसीला सात हंगाम, खर्चाचा मोठा डामडौल नसताना, आय-लीग या राष्ट्रीय लीगमध्ये टिकवले. करंडक नव्हता, म्हणून नाव नव्हते. 2016 मध्ये ते बाहेर पडले. पुढच्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन लीगबाहेर पडला, आणि खालिद यांनी मिझोरामच्या ऐझॉलला विजेतेपद मिळवून दिले, जो संघ आदल्या वर्षी पदावनत होऊन नशिबाने लीगमध्ये परत घेतला गेला होता. ‘संघ दरवर्षी टिकवतो’ ही ओळ वाचून जो थांबला असता, त्याला हा माणूस आधीच सापडला असता. ऑगस्ट 2025 मध्ये तेच भारताचे प्रशिक्षक झाले.

चौकशी

स्थळाची चौकशी करताना आपण मुलाकडच्यांनी दिलेल्या नावांवर थांबत नाही, शेजारीपाजारी विचारतो. इथेही तसेच करा. उमेदवाराने दिलेले संदर्भ गोडच बोलणार. ज्या खेळाडूला त्याने बाकावर बसवले, त्याला फोन लावा. फिजिओला विचारा: जखमी खेळाडू तयार नाही असे तुम्ही सांगितल्यावर हे ऐकायचे का? किट सांभाळणाऱ्याला विचारा की हरल्यावर ड्रेसिंग रूममध्ये काय व्हायचे.

माणूस उत्तम असूनही त्या ड्रेसिंग रूमला चालत नाही, असे होते. ब्रायन क्लफ हे इंग्लंडच्या थोर मॅनेजरांपैकी एक. 1974 मध्ये लीड्सने त्यांना घेतले. ज्या संघावर त्यांनी वर्षानुवर्षे जाहीर टीका केली होती, तोच हा संघ. 44 दिवसांत त्यांना नारळ मिळाला. पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्टला त्यांनी दोनदा युरोपियन कप जिंकून दिला.

मुलाखत

तीन जणांपेक्षा जास्त बोलावू नका. प्रत्येकाला आठवडाभर आधी तुमच्या संघाच्या दोन सामन्यांचे व्हिडिओ द्या, एक जिंकलेला आणि एक हरलेला. मुलाखतीत पहिला अर्धा तास त्याने तेच सामने थांबवत-थांबवत समजावून सांगायचे. खरा अभ्यास केलेला माणूस तुमच्या डाव्या बाजूच्या बचावपटूचे नाव घेऊन बोलतो: हा पुढे गेला की मागची जागा कोण भरतो? न केलेला माणूस ‘जिगर’, ‘शिस्त’ आणि ‘विजयी मानसिकता’ यांवर बोलत राहतो.

मग नेमके प्रश्न. सरावाच्या पहिल्या दोन आठवड्यांत दिवसागणिक काय घ्याल? सोबत कोणाला आणणार आणि आमच्यातले कोण ठेवणार? (मॉयस आले तेव्हा फर्ग्युसन यांचे अनुभवी सहायक बाहेर पडले आणि वर्षानुवर्षांची माहितीही त्यांच्याबरोबर गेली.) पैसे मिळालेच नाहीत तर संघ कसा बांधाल? शेवटच्या प्रश्नावर ज्याचा चेहरा पडतो, त्याला तुमच्या क्लबमध्ये त्रास होणार.

करार

दोन किंवा तीन हंगामांचा पुरे. मध्येच काढले तर किती पगार द्यायचा, दुसऱ्या क्लबने मागितले तर भरपाई किती, हे आकड्यांत लिहा. परदेशी प्रशिक्षक असेल तर व्हिसाचा वेळ हिशेबात धरा.

योग्य माणूस लगेच मिळत नसेल तर घाई करू नका, घरचा तात्पुरता प्रशिक्षक ठेवा. जानेवारी 2020 च्या शेवटी एफसी गोवाने सर्जिओ लोबेरा यांना दूर केले आणि सूत्रे गोव्याच्याच क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे दिली. फेब्रुवारीत संघाने जमशेदपूरला 5-0 ने हरवून लीग शिल्ड, म्हणजे साखळी फेरीत अव्वल येणाऱ्या संघाचा मान, जिंकली.

नेमणुकीनंतर

ते एक पान नव्या प्रशिक्षकाच्या हाती द्या आणि आढावा कधी घ्यायचा ते त्याच्यासमोर ठरवा: दहा सामन्यांनंतर एकदा, हंगामाच्या मध्यावर एकदा. मधल्या काळात निकाल काहीही लागोत, तातडीची बैठक नाही. विजेत्या स्लॉट यांच्याच लिव्हरपूलने 2025 च्या शरदात लीगमधले सलग चार सामने गमावले. असे दिवस प्रत्येकाला येतात. आढाव्यात गुणांबरोबर वहीतले आकडेही ठेवा: बॉक्समधले फटके, खेळवलेली तरुण मुले, दुखापतींची संख्या. आणि समितीतल्या एकाकडे नावांची यादी कायम चालू राहू द्या. मैदानावर नवा चांगला प्रशिक्षक दिसला की त्याच संध्याकाळी त्यात भर घाला.