धाव संपली की लगेच बसू नका

लांब पल्ल्याची धाव संपली की मुलं गुडघ्यांवर हात टेकून वाकतात किंवा तिथेच बसकण मारतात, आणि मिनिटभरात डोळ्यांपुढे अंधारी येते. पोटऱ्या थांबल्या की रक्त पायांतच साचतं, म्हणून.

१. रेषा ओलांडल्यावर २-३ मिनिटं चालतच राहा.
२. मग ५ ते १० मिनिटं इतकं सावकाश धावा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. मुलं नेमकी इथेच चुकतात: चुरस लागते, वेग वाढतो आणि पुन्हा धाप लागते. प्रशिक्षकाने सोबत धावलेलं बरं.
३. शेवटी थोडं चालून घामाचा टीशर्ट बदला.

स्ट्रेचिंग करायचंच तर यानंतर. एकेक ताण २०-३० सेकंद, हिसके न देता. दुसऱ्या दिवशीची पायदुखी त्याने फारशी कमी होत नाही, तशी आशा मुलांना दाखवू नका.

थांबल्यावर चक्कर आलीच तर आडवं झोपवून पाय उंच ठेवा. मात्र धावतानाच भोवळ आली किंवा छातीत दुखलं, तर डॉक्टरांना दाखवेपर्यंत सराव पूर्ण बंद.