आई-बाबांना जनरल शर्मन दाखवायला नेताना

कॅलिफोर्नियात मुलांकडे आलेल्या आई-बाबांना बहुतेक जण योसेमिटी दाखवतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की एक शनिवार-रविवार सिक्वोया नॅशनल पार्कातल्या जायंट फॉरेस्टसाठीही राखून ठेवा. इथे जनरल शर्मनसारख्या एकेका अवाढव्य सिक्वोया झाडाला भेटायला जायचं असतं. त्या झाडापाशी पंधरा-वीस मिनिटं उभं राहण्याइतकं पायात त्राण आणि हातात वेळ उरायला हवा. सगळी तयारी त्याच हिशेबाने करा.

तारीख जून ते ऑक्टोबरमधली बघा. हिवाळ्यात वर बर्फ असतो, चाकांच्या साखळ्या जवळ बाळगाव्या लागतात आणि रस्ता कधीही बंद होतो. उन्हाळ्यात वणव्यांचा धूर असू शकतो, म्हणून आदल्या रात्री पार्कच्या वेबसाइटवर रस्ता, हवा आणि प्रवेश फी तिन्ही बघून घ्या. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, वर रेंजचा भरवसा नाही. थ्री रिव्हर्स गावात टाकी फुल करा, कारण पार्काच्या आत पेट्रोल पंप नाही. तिथून पुढे घाट आहे. गेटपासून साधारण २५ किलोमीटरमध्ये गाडी जवळजवळ १,४०० मीटर चढते, वळणांमागून वळणं. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवा, आलेपाक हाताशी ठेवा. खाली घाम येत असला तरी स्वेटर डिकीत नको, मांडीवर असू द्या.

डब्याला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी उत्तम. मात्र हे अस्वलांचं जंगल आहे. गाडी लावल्यावर उरलेला डबा, लोणच्याची बरणी, हिंगाची डबी, अगदी वासाची क्रीमसुद्धा तिथल्या लोखंडी पेटीत ठेवायची. गाडीत काही ठेवू नका.

आता गुडघे. जनरल शर्मनचं मुख्य पार्किंग उंचावर आहे. तिथून झाडापर्यंत पाऊण-एक किलोमीटरची पायऱ्यांची उतरण आहे आणि येताना तेवढीच चढण. समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरच्या वर आपण असतो, दम लवकर लागतो. उन्हाळ्यात शटल चालू असेल तर ज्येष्ठांना परतताना खालच्या थांब्यावरून बसवा. बाबांना हे आधीच सांगून ठेवा, आयत्या वेळी ते “मला काही होत नाही” म्हणणारच.

शर्मन ८३.८ मीटर उंच आहे, त्याहून उंच झाडं जगात आहेत. खोडाच्या घनफळाने मात्र हे सर्वांत मोठं. बुंध्याचा घेर ३१ मीटर, म्हणजे एकोणीस-वीस माणसांनी हात धरले तर कडं पुरं होईल. १८७९ मध्ये त्याला अमेरिकन यादवी युद्धातल्या सेनापती शर्मनचं नाव मिळालं. पुढे इथे वसाहत करणाऱ्या कवीया कॉलनीच्या समाजवाद्यांनी त्यालाच कार्ल मार्क्स म्हटलं! फोटोच्या रांगेत फार वेळ घालवू नका. तिथूनच सुरू होणारी काँग्रेस ट्रेल ही सुमारे ३.२ किलोमीटरची डांबरी वाट धरा. तिच्यावर प्रेसिडेंट नावाचं झाड भेटतं. शर्मनचं वय अंदाजे २,२०० वर्षं मानतात, तर आकाराने लहान असलेल्या प्रेसिडेंटचं अंदाजे ३,२००. मला स्वतःला हेच झाड अधिक जवळचं वाटतं, आणि इथे गर्दीही कमी असते.

वाटेला लागून असलेल्या एखाद्या झाडाच्या सालीवर तळहात टेकवा. नारळाच्या सोडणासारखी ती तंतूंची, मऊ, कोरडी लागते आणि जागोजाग दीड-दोन फूट जाड असते. या सालीच्या जोरावर झाडं वणव्यांतून तगतात. बुंध्यावरच्या काळ्या कोनाड्यांत शिरून जुना कोळसा बघता येतो. आगीची त्यांना गरजही आहे. कोंबडीच्या अंड्याएवढं हिरवं फळ वर्षानुवर्षं मिटून राहतं, आगीच्या धगीने सुकून उघडतं आणि पोह्याच्या चुऱ्यासारखं बी उघड्या, राखेच्या मातीवर पडतं. पण हल्लीच्या आगी शेंड्यापर्यंत चढतात. २०२० आणि २०२१ च्या वणव्यांत मिळून जगातल्या मोठ्या सिक्वोयांपैकी १३ ते १९ टक्के गेले असा अंदाज आहे. २०२१ मध्ये शर्मनचा बुंधा आगरोधक पत्र्याच्या कागदात गुंडाळावा लागला होता. जळून उभे राहिलेले सांगाडे दिसले तर मुलांना तेही दाखवा.

कुंपण ओलांडायचं नाही, हे घरूनच ठरवून निघा. एवढ्या झाडाला सोटमूळ नसतं. मुळं १२-१४ फुटांपलीकडे खोल जात नाहीत, उथळ पसरतात, आणि पायांनी माती दाबली गेली की त्यांना पाणी मिळेनासं होतं. याच कारणाने पार्काने इथली हॉटेलं, केबिनं अशा २८२ इमारती उचलल्या. खाली पडलेलं फळ हातात घेऊन बघा, आत बी आहे का तपासा, आणि जिथून उचललं तिथेच ठेवा. घरी न्यायला मनाई आहे.

उजेड असतानाच उतरायला लागा. घाटात गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, नुसत्या ब्रेकवर भिस्त नको.